विश्वाची उत्पत्ती आणि ज्ञातीची उत्पत्ती

ज्ञातीच्या स्मरणिकेत विश्वोत्पत्तीची चर्चा कशासाठी, असा प्रश्न कित्येक ज्ञातिबंधूंच्या मनात येणे स्वाभाविक आहे. अशा ग्रंथात वार्षिक अहवाल, विद्यार्थ्यांचा गुणगौरव, दिवंगतांस श्रद्धांजली, देणगीदारांची नामावली आणि फार तर ज्ञातीच्या पूर्वेतिहासावर एखादा लेख असावा, असा आपला परिपाठ आहे. परंतु तो पूर्वेतिहासाचा लेख उघडून पाहिला तर काय आढळते? कोणतीही ज्ञाती घ्या. तिचा इतिहास सनावळीने सुरू होत नाही. तो कोणा ऋषीच्या आश्रमातून, कोणा देवतेच्या वरदानातून किंवा रामरावणांच्या युद्धातून सुरू होतो. आपल्याच तालुक्याच्या डोंगरपट्टीत राहणारे कातकरी बांधव आपला वंश रामाच्या वानरसेनेशी जोडतात, हे मुंबई इलाख्याच्या जुन्या गॅझेटियरने नोंदवून ठेविले आहे. तात्पर्य, ज्ञातीची उत्पत्तिकथा ही विश्वाच्या उत्पत्तिकथेचीच अखेरची पायरी होय. वरच्या पायऱ्या कशा रचल्या आहेत हे पाहिल्यावाचून आपण उभे आहोत ती पायरी कोणी व कशासाठी घडविली, हे कळणार नाही. म्हणून हा विषय आपलाच आहे.

प्रथम घराजवळचेच उदाहरण घेऊ. जगाचे वय किती, या प्रश्नास पनवेलच्या एकाच बाजारपेठेत पूर्वी दोन अगदी भिन्न उत्तरे मिळत असत. पनवेलात बेने इस्रायल समाजाचे इ. स. १८४९ मध्ये स्थापन झालेले बेथ एल नावाचे प्रार्थनामंदिर आहे. तेल गाळण्याचा व्यवसाय करणाऱ्या या समाजास कुलाबा जिल्ह्यातील, म्हणजे १९८१ पासूनच्या रायगड जिल्ह्यातील, लोक ‘शनिवार तेली’ म्हणत. कारण शनिवारी त्यांचा घाणा बंद असे. हा घाणा बंद असण्याचे कारण विश्वोत्पत्तीच्या कथेत आहे. ईश्वराने सहा दिवसांत सृष्टी निर्मिली व सातव्या दिवशी विश्राम केला, अशी त्यांच्या धर्मग्रंथाची कथा आहे. म्हणून भक्तानेही सातवा दिवस विश्रामाचा मानावा. त्यांची कालगणना त्या निर्मितीपासूनच, इ. स. पूर्व ३७६१ पासून, चालते. म्हणजे त्यांच्या पंचांगानुसार जगास अद्याप सहा हजार वर्षेही पुरी झालेली नाहीत. आपल्या शेजारच्या कोकणी मुसलमान बांधवांच्या कुराणातही सहा दिवसांतील सृष्टिनिर्मितीचा उल्लेख आहे. आणि त्याच पेठेत एखाद्या घरी सत्यनारायण असला की भटजी संकल्प सोडताना श्वेतवाराह कल्प, वैवस्वत मन्वंतर, अठ्ठाविसावे महायुग आणि कलियुगाचा प्रथम चरण अशी काळाची पायरी-पायरीने मोजणी करीत. तिच्यानुसार सृष्टीचे वय कोट्यवधी वर्षे भरते. एका भिंतीच्या अलीकडे सहा हजार वर्षे आणि पलीकडे कोट्यवधी. तरीही तेलाच्या भावावरून जेवढे वाद झाले असतील तेवढे जगाच्या वयावरून झाल्याचे ऐकिवात नाही. ही आपल्या पूर्वजांची सहिष्णुता स्मरणात ठेवण्याजोगी आहे.

संकल्पातील हा हिशेब बहुतेकांनी ऐकलेला असतो, मांडून पाहिलेला नसतो. तो येणेप्रमाणे आहे. चार युगांचे मिळून एक महायुग ४३ लक्ष २० हजार वर्षांचे. अशी ७१ महायुगे म्हणजे एक मन्वंतर. अशी १४ मन्वंतरे आणि त्यांच्या आगेमागे प्रत्येकी १७ लक्ष २८ हजार वर्षांचे १५ संधिकाल मिळून ब्रह्मदेवाचा एक दिवस, म्हणजे एक कल्प. त्याची वर्षे बरोबर ४३२ कोटी. यांपैकी सहा मन्वंतरे, सात संधिकाल, सातव्या मन्वंतराची २७ महायुगे आणि चालू महायुगाची पहिली तीन युगे सरली आहेत. बेरीज केली असता कलियुगाच्या आरंभी, म्हणजे इ. स. पूर्व ३१०२ मध्ये, १९७ कोटी २९ लक्ष ४४ हजार वर्षे लोटलेली होती असे निघते. सूर्यसिद्धांताचे म्हणणे असे की, सृष्टी रचण्यासच ब्रह्मदेवास १ कोटी ७० लक्ष ६४ हजार वर्षे लागली. ती वजा केली तर १९५ कोटी ५८ लक्ष ८० हजार वर्षे उरतात.

हा हिशेब इतक्या तपशिलाने देण्याचे कारण आहे. कल्प ४३२ कोटी वर्षांचा आणि विज्ञानाने ठरविलेले पृथ्वीचे वय सुमारे ४५४ कोटी वर्षांचे. तेव्हा आपल्या ऋषींस हे सारे पूर्वीच ठाऊक होते, असे आज अनेक व्यासपीठांवरून मोठ्या अभिमानाने सांगण्यात येते. परंतु ४३२ कोटी हे कल्पाचे एकंदर आयुष्य आहे, गतकाल नव्हे. आपल्याच संकल्पाप्रमाणे त्यातील निम्माही काळ अद्याप सरलेला नाही. १९७ कोटी आणि ४५४ कोटी यांचा मेळ बसत नाही. ज्या पुरोहिताने संकल्प नीट म्हटला असेल त्यास ही गोष्ट सांगावी लागणार नाही; संकल्प न ऐकता व्याख्यान ऐकणाऱ्यास मात्र ती सांगणे प्राप्त आहे. या गणनेचा खरा गौरव निराळाच आहे. इ. स. १६५० मध्ये आयर्लंडातील आर्चबिशप अशर यांनी जगाचा आरंभ इ. स. पूर्व ४००४ मध्ये ठरविला. त्यापूर्वी कित्येक शतके आपल्या ज्योतिर्विदांची बुद्धी कोटींच्या पटीतील काळात निर्भयपणे वावरत होती. हे धैर्य खरे आहे. आकड्यांचा ओढूनताणून घातलेला मेळ खरा नाही.

आपल्या परंपरेत विश्वोत्पत्तीची एकच कथा आहे, असाही समज आहे. तो ऋग्वेद उघडताच गळून पडतो. एकट्या दहाव्या मंडलात हिरण्यगर्भाचे सूक्त आहे, सृष्टी घडविणाऱ्या विश्वकर्म्याची सूक्ते आहेत, विराट पुरुषाच्या यज्ञातून जग निर्माण झाल्याचे पुरुषसूक्त आहे, आणि एकशे एकोणतिसावे नासदीय सूक्त आहे. या शेवटच्या सूक्ताच्या अवघ्या सात ऋचा आहेत. आरंभी सत् नव्हते व असत्‌ही नव्हते, असे सांगून कवी शेवटी विचारतो की, देवसुद्धा या निर्मितीनंतरचे. मग हे कोठून आले ते कोण सांगणार? आणि वर जो अध्यक्ष आहे त्याला तरी ते ठाऊक असेल काय, अशी शंका ठेवूनच तो थांबतो. ज्या ग्रंथास आपण अपौरुषेय म्हणून मस्तकी धरतो, त्या ग्रंथाने ही शंका पुसून टाकली नाही, जतन केली. शंका घेणारा तो धर्मबुडवा, असे म्हणणाऱ्याने हे लक्षात घ्यावे.

महाराष्ट्राच्या भूमीतही ही विचारपरंपरा खंडित झाली नाही. इ. स. १११४ मध्ये जन्मलेल्या भास्कराचार्यांनी इ. स. ११५० मध्ये ‘सिद्धांतशिरोमणि’ रचिला. पृथ्वी शेषाने, कूर्माने किंवा दिग्गजांनी तोलून धरली आहे, या पौराणिक कल्पनेची त्यांनी त्या ग्रंथाच्या गोलाध्यायात सरळ तर्काने वासलात लावली आहे. पृथ्वीस आधार हवा असेल तर त्या आधारास दुसरा आधार हवा आणि त्यास तिसरा. यास अंत नाही. शेवटी कोणी तरी स्वतःच्या शक्तीने उभा आहे असे मानायचेच, तर ती शक्ती पृथ्वीचीच का मानू नये? चाळीसगावजवळील पाटण येथे त्यांचे नातू चांगदेव यांनी भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापिल्याचा शिलालेख आहे. पुराणावर शंका घेणाऱ्याच्या नावाने मठ आणि त्यास राजाश्रय, ही आपल्या इतिहासातील गोष्ट होय.

संतमंडळींचेही या विषयात एकमत नव्हते. चक्रधरस्वामींच्या महानुभाव पंथाने जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ अनादी मानिले. ज्ञानेश्वरांनी ‘अमृतानुभवा’त अज्ञानापासून जग भासते या मताचे खंडन केले व जग हा चैतन्याचाच विलास ठरविला. आपल्या जिल्ह्यातील महाडजवळच्या शिवथरघळीत ज्याची रचना झाली असे परंपरा मानते, त्या ‘दासबोधा’त समर्थांनी मूळमायेपासून आकाश, वायू, अग्नी, आप व पृथ्वी असा पंचभूतांचा क्रम मांडला आहे, त्याचे मूळ उपनिषदांत आहे. तीन थोर पुरुष, तीन मते; आणि तिघांसही आपण वंदन करतो.

येथवर सारे रम्य आहे. परंतु वर उल्लेखिलेल्या पुरुषसूक्ताकडे पुन्हा वळले पाहिजे, कारण आपला संबंध तेथेच येतो. विराट पुरुषाच्या देहातून सूर्य, चंद्र, वायू निघाले, ही कल्पना एकट्या भारताची नव्हे. चीनमध्ये पान-कू नामक आदिपुरुषाच्या देहाचे पर्वत व नद्या झाल्या. बाबिलोनच्या कथेत तियामत देवीच्या देहाचे आकाश व पृथ्वी झाली. परंतु त्याच देहाच्या मुखातून एक वर्ण, बाहूंतून दुसरा, मांड्यांतून तिसरा आणि पायांतून चौथा निघाला, ही भर आपल्याकडची आहे. मनुस्मृतीचा पहिला अध्याय अंधकार, जल आणि सुवर्णाचे अंडे यांपासून आरंभ करून याच चार अवयवांपाशी येतो आणि पुढील अध्यायांत त्यावर दंड, अधिकार व विद्याबंदी यांची इमारत उभी राहते. कायद्याच्या ग्रंथास विश्वोत्पत्तीचा अध्याय कशासाठी हवा होता, याचे उत्तर यात आहे. मनुष्याने केलेला नियम मनुष्य मोडू शकतो. जगाबरोबर जन्मलेला नियम मोडण्यास हात धजत नाहीत.

हे मर्म महात्मा जोतीराव फुले यांनी अचूक ओळखले. इ. स. १८७३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘गुलामगिरी’ या संवादरूप ग्रंथाचा आरंभच त्यांनी ब्रह्मदेवाच्या अवयवांतून झालेल्या उत्पत्तीच्या चिकित्सेने केला. इंग्रज आदी लोकांच्या उत्पत्तीचा मनूच्या ग्रंथात मागमूस का नाही, हा त्यातील प्रश्न वरवर साधा आहे, पण त्यास उत्तर नाही. मात्र जोतीराव केवळ खंडनावर थांबले नाहीत. त्यांच्या निधनानंतर इ. स. १८९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका’त त्यांनी अनंत सूर्यमंडळे निर्माण करणाऱ्या ‘निर्मिका’ची कल्पना मांडिली. त्या निर्मिकाने सर्व स्त्रीपुरुष सारखेच निर्मिले आहेत. जुन्या विश्वोत्पत्तीच्या जागी त्यांनी नवी विश्वोत्पत्ती ठेविली, कारण पायरी बदलावयाची तर जिना बदलावा लागतो. पुढे दि. २५ डिसेंबर १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली आपल्याच जिल्ह्यातील महाड येथे मनुस्मृतीचे दहन झाले. तो ठराव गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे यांनी मांडिला होता. इ. स. १९४६ मध्ये डॉ. आंबेडकरांनी शूद्रांच्या मूळ स्थितीवरील आपल्या ग्रंथात पुरुषसूक्ताची कसून चिकित्सा केली. विश्वाच्या आरंभाचा प्रश्न हा रिकामटेकड्यांचा विनोद नसून पाणवठ्याचा व शाळेच्या दाराचा प्रश्न आहे, हे याच मातीत सिद्ध झाले.

आता कोकणच्या स्वतःच्या उत्पत्तिकथेकडे येऊ. परशुरामाने बाण सोडून समुद्र मागे हटविला व ही भूमी निर्माण केली, अशी कथा सह्याद्रिखंडात आहे आणि चिपळूणजवळ परशुरामाचे प्रसिद्ध देवस्थान आहे. जोतीरावांनी ‘गुलामगिरी’त या चिरंजीव परशुरामास सहा महिन्यांच्या आत हजर होण्याची नोटीसच दिली होती. परशुराम आले नाहीत. परंतु त्यांच्या बाणाची जी साक्ष हवी होती ती दगडांनी दिली आहे. तळोज्याच्या आसपासचा काळा पाषाण हा सुमारे ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वी भूगर्भातून थरावर थर वाहून आलेल्या लाव्ह्याचा आहे. सह्याद्रीत हे थर जवळजवळ आडवे आहेत. पण किनाऱ्याकडे येता येता ते समुद्राच्या दिशेने कलतात. ज्या रेषेवर हा कल सुरू होतो तिला भूशास्त्रज्ञ आपल्याच गावाच्या नावाने, पनवेलचा बाक या अर्थी, ओळखतात. सेशेल्स बेटांचा भूभाग भारतापासून तुटून दूर गेला त्या घडामोडीशी या बाकाचा संबंध जोडला जातो. म्हणजे समुद्र मागे हटला नाही. भूमीच वाकून समुद्रात उतरली. मुंबईत दोन लाव्ह्यांच्या मधल्या थरात सापडलेल्या बेडकांच्या अश्मांचे वर्णन रिचर्ड ओवेन यांनी इ. स. १८४७ मध्ये केले. धनुष्य धरणारा हात जगात येण्यापूर्वी कोट्यवधी वर्षे या किनाऱ्यावर बेडूक ओरडत होते.

तथापि या कथेत एक सत्य आहे, आणि ते आपल्या पूर्वजांच्या घामाचे आहे. खाडीच्या काठची कित्येक शेते खरोखरच समुद्रापासून मिळविलेली आहेत. चिखलाचे बांध घालून, उघाड्या बसवून, भरतीचे पाणी रोखून आणि पावसाने क्षार धुऊन निघेपर्यंत धीर धरून खाजणाची भातशेती झाली. जेथे ते साधले नाही तेथे मिठाची आगरे झाली. समुद्र मागे हटविला तो एका बाणाने नव्हे, फावड्याने, आणि तोही दरवर्षी नव्याने. कारण फुटलेला बांध पुराणकथेने बुजत नाही. कोकणच्या उत्पत्तीच्या कथेत हे बांध घालणारे कोठेच नाहीत. आमच्या मते ही कथेतील सर्वांत मोठी उणीव होय.

उरला प्रश्न विज्ञानाचा. ते काय म्हणते, हे संक्षेपाने सांगितले पाहिजे. इ. स. १९२७ मध्ये बेल्जियमचे धर्मगुरू व गणिती लमेत्र यांनी विश्व प्रसरण पावत असल्याचे मांडिले व १९२९ मध्ये अमेरिकेतील हबल यांच्या निरीक्षणांनी त्यास बळकटी आली. प्रसरण उलट दिशेने मोजीत गेले असता एका अत्यंत दाट व उष्ण आरंभापाशी पोहोचतो. याच्या विरोधात इ. स. १९४८ मध्ये केंब्रिजचे हॉईल, बाँडी आणि गोल्ड यांनी विश्वास आरंभच नाही, ते सदैव स्थिर स्वरूपात आहे व त्यात नवे द्रव्य निर्माण होत राहते, असे प्रतिपादन केले. प्रतिपक्षाच्या सिद्धांतास ‘बिग बँग’, म्हणजे महास्फोट, हे नाव हॉईल यांनीच १९४९ मध्ये नभोवाणीवर दिले. या वादात एक मराठी नाव अग्रभागी आले. कोल्हापुरात दि. १९ जुलै १९३८ रोजी जन्मलेले जयंत विष्णु नारळीकर हे हॉईल यांचे शिष्य; इ. स. १९६४ मध्ये गुरुशिष्यांनी गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धांत मांडिला आणि सारे जग त्याची चर्चा करू लागले. परंतु पुढच्याच वर्षी, १९६५ मध्ये, पेन्झियस व विल्सन यांना आकाशाच्या सर्व दिशांनी येणारे सूक्ष्मलहरींचे प्रारण सापडले. हा त्या उष्ण आरंभाचा निवालेला अवशेष होय, असे बहुसंख्य शास्त्रज्ञांनी मानिले. आज विश्वाचे वय सुमारे १,३८० कोटी वर्षे ठरले आहे.

नारळीकरांनी मात्र पुराव्यास दुसरे स्पष्टीकरण देता येते काय, याचा शोध सोडला नाही. इ. स. १९९३ मध्ये हॉईल व जेफ्री बर्बिज यांच्यासह त्यांनी आपला सिद्धांत सुधारून पुन्हा मांडिला. बहुमत त्यांच्या बाजूस आले नाही. म्हणून त्यांस कोणी वाळीत टाकले काय? इ. स. १९८८ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या ‘आयुका’ या संस्थेचे ते संस्थापक संचालक झाले आणि तेथे महास्फोट मानणारे विद्वान निर्वेधपणे काम करीत राहिले. इ. स. २०२१ मध्ये नाशिकच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांस मिळाले. दि. २० मे २०२५ रोजी त्यांचे निधन झाले, तेव्हा ज्यांस त्यांचे मत पटत नव्हते तेही हळहळले. ज्या समाजात मतभेद झाला की पंगत वेगळी मांडली जाते, त्या समाजाने या एका उदाहरणाचे मनन करावे.

महास्फोटास धर्माची मोहोर उठविण्याचा यत्नही झाला. इ. स. १९५१ मध्ये पोप बारावे पायस यांनी तो बायबलातील निर्मितीस पुष्टी देतो असे सुचविले. तेव्हा खुद्द धर्मगुरू असलेल्या लमेत्र यांस ते रुचले नाही. आज वैज्ञानिक मताच्या आधारे श्रद्धा सिद्ध केली आणि उद्या ते मत बदलले तर श्रद्धेचे काय, हे ते जाणत होते. कल्पाच्या ४३२ कोटींचा डांगोरा पिटणाऱ्यांनी या धर्मगुरूचा विवेक घ्यावा.

आता मूळ प्रश्न. या नव्या विश्वोत्पत्तीत आपला जन्म कोणत्या अवयवातून झाला? आरंभीच्या काही मिनिटांत हायड्रोजन व हेलियम यांचीच केंद्रके मुख्यत्वे तयार झाली. कार्बन, प्राणवायू व लोह ही मूलद्रव्ये पुढे ताऱ्यांच्या उदरात शिजली, हे इ. स. १९५७ मध्ये बर्बिज पतिपत्नी, फाउलर आणि तेच हॉईल यांनी दाखवून दिले. हॉईल एका प्रश्नात हरले आणि दुसऱ्यात जिंकले. आपल्या रक्तातील लोह सूर्याच्याही पूर्वी विझलेल्या ताऱ्यांचे आहे. ते पुरोहिताच्या रक्तात आहे, शनिवार तेल्याच्या आहे, कातकऱ्याच्या आहे, आणि तळोज्याच्या कारखान्यात दूरदेशाहून कामास आलेल्या मजुराच्याही आहे. मुख, बाहू, मांड्या आणि पाय या सर्वांची माती एकाच भट्टीतील आहे. विज्ञानाने समता सिद्ध केली असे आम्ही म्हणत नाही, कारण समता हा मनुष्याने मनुष्याशी करावयाचा करार आहे. विज्ञानाने एवढेच केले की, विषमतेने विश्वाची म्हणून जी साक्ष काढली होती ती खोटी ठरविली.

मग जुन्या कथा टाकून द्याव्यात काय? मुळीच नाही. नासदीय सूक्ताची शंका, संकल्पातील काळाचा विस्तार, भास्कराचार्यांचा तर्क आणि समर्थांचा पंचभूतांचा क्रम हे आपले धन आहे. ते मुलांस सांगावे, पण कथा म्हणून आणि विचार म्हणून. फक्त जी कथा सांगितल्याने ऐकणाऱ्या एखाद्या मुलाची मान खाली जाते, ती इतिहास म्हणून सांगू नये.

यावरून आमच्या ज्ञातीस एक विनंती करावीशी वाटते. पुढील स्मरणिकेत पूर्वेतिहासाचा लेख येईल तेव्हा दंतकथेच्या माथ्यावर ‘दंतकथा’ असे स्पष्ट छापावे आणि इतिहासाचा आरंभ कागदपत्रांपासून करावा. कोणत्या खाजणास कोणी बांध घातला, कोणत्या साली कोणत्या गावी शाळा झाली व तिच्या पटावर आपली पहिली मुलगी केव्हा चढली, आगरे केव्हा बंद पडली, इ. स. १९७० मध्ये सिडको स्थापन झाल्यानंतर कोणाच्या किती जमिनी संपादनात गेल्या, हे जुने सातबारे, शाळांचे दाखले आणि वृद्धांच्या आठवणी यांवरून लिहून ठेवावे. बांध माहीत असलेली माणसे थोडी उरली आहेत. तळोज्याच्या आकाशात आता कारखान्यांच्या व वसाहतींच्या दिव्यांमुळे तारे मोजकेच दिसतात. पण ते आहेत तेथेच आहेत आणि दूर गेले असता पुन्हा दिसतील. वृद्धांच्या आठवणींचे तसे नाही. विश्वाचा आरंभ १,३८० कोटी वर्षे थांबला, आणखी थोडा थांबेल. आपला इतिहास थांबणार नाही. तो लिहिण्याचे कार्य ज्ञातीतील तरुणांनी याच वर्षी हाती घ्यावे, एवढे सांगून हा लेख पुरा करतो.